स्नायू आणि फुप्फुसांचा स्वप्रतिकार आजार: रक्ताचा रिपोर्ट कोणत्या क्रमाने वाचावा

मायोसायटिस म्हणजे स्नायूंचा दाह. शरीराची संरक्षण यंत्रणा स्वतःच्याच पेशींवर उलटते आणि मांड्या, खांदे, मान यांची ताकद जाऊ लागते. पण या नावाखाली येणारे आजार स्नायूंपाशी थांबत नाहीत. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये त्वचेवर चट्टे येतात, अँटिसिंथेटेज सिंड्रोममध्ये सांधे आणि फुप्फुसे धरली जातात. एका प्रकारात तर स्नायू जवळजवळ शाबूत असतात आणि फुप्फुसे काही आठवड्यांत निकामी होऊ लागतात. वायुकोशांच्या भिंती सुजून जाड होण्याला डॉक्टर आयएलडी म्हणतात. मायोसायटिसच्या कितीतरी रुग्णांच्या जिवाला खरा धोका स्नायूंपेक्षा त्या आयएलडीचाच असतो.

असा संशय आला की तपासण्यांची लांबलचक यादी निघते आणि काही दिवसांनी पानेच्या पाने भरलेला रिपोर्ट हातात पडतो. काही आकडे ठळक छापलेले, काहींपुढे वर जाणारे बाण, शेवटी अँटिबॉडींचा पट्ट्यापट्ट्यांचा तक्ता. नजर सर्वांत मोठ्या बाणाकडे जाते आणि घोटाळ्याची सुरुवात तिथेच होते, कारण या तपासण्या एकाच प्रश्नाची उत्तरे नाहीत. ऑटोअँटिबॉडी, म्हणजे स्वतःच्याच प्रथिनांविरुद्ध तयार झालेले प्रतिपिंड, आजार कोणत्या जातीचा आहे ते सांगते. सीके, फेरिटिन, केएल-६ ही रक्तात फिरणारी प्रथिने आज इजा कुठे आणि किती चालू आहे ते सांगतात. हातापायांत ताकद किती उरली आणि फुप्फुसे प्राणवायू किती ओढतात हे मात्र रक्ताला विचारून कळत नाही. पुढचा क्रम या तीन प्रश्नांची गल्लत होऊ नये म्हणून लावला आहे. औषध ठरवणे हे संधिवाततज्ज्ञ आणि छातीच्या डॉक्टरांचे काम. रिपोर्ट समजून त्यांना नेमके प्रश्न विचारता यावेत, एवढ्यासाठी हा लेख.

पायरी १: नमुना देण्याआधी

अर्धे गोंधळ सुई टोचण्याआधीच टाळता येतात.

सीके हे स्नायूंतले एन्झाइम. सवय नसताना जोरदार व्यायाम केला, जड सामान उचलले, की ते काही तासांनी वाढू लागते, एक ते चार दिवसांत शिखर गाठते आणि खाली यायला आठवडा किंवा त्याहून जास्त घेते. दंडात किंवा नितंबात दिलेले इंजेक्शन आणि स्नायूत सुई घालून केलेली ईएमजी, म्हणजे स्नायूंची विद्युत तपासणी, यांनीही आकडा थोडा वर जातो. म्हणून रक्त आधी घ्यावे, ईएमजी नंतर. व्यायाम करणाऱ्याने आठवडाभर विश्रांती घेऊन मग तपासणी करावी. अर्थात हे तब्येत स्थिर असलेल्यांसाठी. धाप वाढत असेल तर अशी वाट पाहायची नसते.

केस आणि नखांसाठी घेतल्या जाणाऱ्या गोळ्यांत बायोटिन भरपूर असते. अनेक यंत्रांवरच्या चाचण्या बायोटिनच्या रासायनिक पकडीवर चालतात. त्यामुळे ट्रोपोनिन (हृदयाच्या इजेची खूण मानले जाणारे प्रथिन), फेरिटिन यांसारखे आकडे खोटे कमी येऊ शकतात आणि काही हार्मोनचे खोटे जास्त. ही गोळी चालू असल्यास लॅबला सांगावे आणि ती किती दिवस बंद ठेवायची ते विचारावे.

तिसरी गोष्ट हमखास राहून जाते. इम्युनोग्लोब्युलिनची सलाइन, म्हणजे आयव्हीआयजी, हजारो दात्यांच्या प्लाझ्मातून तयार होते आणि दात्यांच्या अँटिबॉडी तिच्यासोबत रुग्णाच्या रक्तात येतात. त्यानंतर काढलेल्या रक्तात दिसणारी अँटिबॉडी रुग्णाची की दात्याची, हे सांगणे अवघड होते. म्हणून अँटिबॉडीसाठीचे रक्त आयव्हीआयजी सुरू होण्याआधीच काढून घ्यावे. पॅनेल, म्हणजे अनेक अँटिबॉडींची एकत्र तपासणी, लगेच लावायचे नसले तरी एक नळी सीरम (रक्तातला पेशींविना द्रव) गोठवून ठेवायला सांगता येते.

यासोबत चालू औषधांची पूर्ण यादी द्यावी. कोलेस्टेरॉलसाठीचे स्टॅटिन त्यात आवर्जून लिहावे, कितीही वर्षे घेत असलात तरी. थायरॉइडची टीएसएच तपासणीही याच वेळी करून घ्यावी. थायरॉइड मंदावल्यानेही अशक्तपणा येतो आणि सीके वाढते, आणि त्यावरचा उपाय पूर्ण वेगळा आहे.

पायरी २: स्नायूंचे आकडे

सीके आधी बघा, पण त्याला निकालपत्र समजू नका. वरची मर्यादा साधारण २०० युनिटच्या आसपास छापलेली असते. पुरुषांत, भरीव स्नायूंच्या माणसांत आणि काही वंशांत निरोगी असतानाही ती ओलांडली जाते. अडीचशे-तीनशे आकडा आणि एरवी सगळे ठीक, एवढ्यावर मायोसायटिसचा शिक्का कोणी मारू नये.

वाढ कितीपट आहे यावरून प्रकाराचा अंदाज येतो. नेक्रोटायझिंग मायोपॅथीत, जिथे स्नायूतंतू अक्षरशः मरतात, आकडा कित्येक हजारांत जातो. इन्क्लुजन बॉडी मायोसायटिसमध्ये तो मध्यम वाढतो, कधी वाढतही नाही, आणि मांडी व बोटांची ताकद मात्र वर्षानुवर्षे घटत राहते. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये सीके सामान्य असूनही आजार सक्रिय असू शकतो. अशा वेळी अल्डोलेज हे दुसरे एन्झाइम वाढलेले दिसते, म्हणून ते जोडीने मागवतात.

आता एक सापळा. एएसटी आणि एएलटी ही 'लिव्हरची एन्झाइम्स' म्हणून ओळखली जातात, पण ती स्नायूंतही भरपूर असतात. थकवा म्हणून केलेल्या तपासणीत ही दोन वाढलेली दिसतात आणि रुग्ण महिनोन् महिने यकृताच्या तपासण्या करत फिरतो. सोनोग्राफी, कावीळीच्या विषाणूंच्या चाचण्या, पथ्य सगळे होते, फक्त सीके कोणी मागवत नाही. इथे जीजीटी हे यकृताचे आणखी एक एन्झाइम कामाला येते. ते स्नायूंतून येत नाही. एएसटी-एएलटी वाढलेले, जीजीटी आणि बिलिरुबिन सामान्य, सोबत जिना चढताना त्रास, असे असेल तर सीके त्याच दिवशी करावे. उपचारानंतर एएलटी एएसटीपेक्षा सावकाश उतरते, कारण रक्तात ते जास्त काळ टिकते. तेवढ्यावरून औषधाने यकृत बिघडले असा निष्कर्ष काढण्याची घाई नको.

दुसरा सापळा ट्रोपोनिनचा. दुरुस्त होत असलेले स्नायूतंतू ट्रोपोनिन-टी बनवतात, त्यामुळे मायोसायटिसमध्ये हृदय ठीक असतानाही ते वाढलेले सापडते. सीके-एमबीचेही तेच. हृदयाला खरोखर झळ लागली आहे का हे ताडायचे तर ट्रोपोनिन-आय मागवावे. तेही वाढलेले असेल तर ईसीजी, इको आणि गरजेप्रमाणे हृदयाचा एमआरआय.

ईएसआर आणि सीआरपी सामान्य आले म्हणून दाह नाही असे समजू नये. मायोसायटिसमध्ये ते अनेकदा सामान्यच राहतात. उलट सीआरपी अचानक चढले तर आधी जंतुसंसर्ग शोधावा, कारण ही माणसे प्रतिकारशक्ती दाबणारी औषधे घेत असतात.

पायरी ३: एएनए निगेटिव्ह आली तरी थांबू नका

एएनए ही पेशीच्या केंद्रकाविरुद्धच्या अँटिबॉडींची चाळणी. मायोसायटिसमधल्या कित्येक अँटिबॉडींचे लक्ष्य केंद्रकात नसून त्याबाहेरच्या पेशीद्रवात असते. जो-१, पीएल-७, पीएल-१२, एसआरपी या त्यातल्या ठळक. एमडीए-५ असलेल्यांतही एएनए बऱ्याचदा निगेटिव्ह येते. मग रिपोर्टवर 'निगेटिव्ह' छापले जाते आणि खाली बारीक अक्षरात 'सायटोप्लाझ्मिक पॅटर्न दिसला' अशी ओळ असते, जी कोणी वाचत नाही. कधी लॅब ती ओळ लिहीतही नाही. लक्षणे जुळत असतील तर लॅबला फोन करून पेशीद्रवात चमक दिसली का, एवढे विचारावे. आणि एएनए काहीही असो, पॅनेल मागवावे.

पायरी ४: पॅनेलमधली नावे ओळखा

या अँटिबॉडींची नावे विचित्र वाटतात, कारण काही रुग्णांच्या नावांच्या आद्याक्षरांवरून पडली आहेत तर काही प्रथिनांच्या वजनावरून किंवा कामावरून. दिलासा एवढाच की एका रुग्णात मायोसायटिसशी खास जोडलेली अँटिबॉडी बहुधा एकच असते. त्यामुळे पूर्ण तक्ता पाठ करायची गरज नाही, आपली ओळ शोधली की झाले.

फुप्फुसांच्या दृष्टीने पहिला गट अँटिसिंथेटेजचा. पेशी प्रथिने बनवते तेव्हा प्रत्येक अमिनो आम्ल टीआरएनए नावाच्या वाहकावर चढवणारी एन्झाइम्स लागतात. या अँटिबॉडी त्यांच्याचविरुद्ध असतात. जो-१ हिस्टिडिनच्या एन्झाइमविरुद्ध, पीएल-७ थ्रिओनिनच्या, पीएल-१२ अॅलॅनिनच्या, ईजे ग्लायसिनच्या, ओजे आयसोल्यूसिनच्या. जो-१ची नोंद १९८० साली झाली, तिचे लक्ष्य १९८३ मध्ये उलगडले आणि आजही या गटात सर्वाधिक आढळते ती तीच. चित्र ओळखीचे असते: ताप, सांधेदुखी, थंडीत बोटे पांढरी-निळी पडणे, बोटांच्या कडांची त्वचा मेकॅनिकच्या हातांसारखी खरखरीत आणि भेगाळलेली, स्नायूंचा अशक्तपणा आणि आयएलडी. सगळे एकत्र क्वचितच येते. पीएल-७ आणि पीएल-१२ मध्ये फुप्फुसे पुढे आणि स्नायू मागे राहतात, काहींत स्नायू कधीच बिघडत नाहीत. म्हणूनच 'कारण न सापडलेली आयएलडी' असा शिक्का बसलेल्या माणसाच्या बोटांच्या कडा बघणे आणि हे पॅनेल लावणे दोन्ही गरजेचे. २०१७ च्या आंतरराष्ट्रीय वर्गीकरण निकषांत अँटिबॉडींपैकी फक्त जो-१ला गुण मिळतात. त्यामुळे पीएल-१२ असलेला रुग्ण निकषांत न बसणे शक्य आहे. निकष संशोधनासाठी रुग्ण निवडायला असतात, उपचार नाकारायला नाहीत.

दुसरी एमडीए-५. हिला वेगळे स्थान द्यायलाच हवे. २००५ मध्ये जपानी संशोधकांनी स्नायूंचा त्रास जवळजवळ नसलेल्या डर्मॅटोमायोसायटिसच्या रुग्णांत १४० किलोडाल्टनच्या एका प्रथिनाविरुद्धची अँटिबॉडी दाखवली. २००९ मध्ये ते प्रथिन एमडीए-५, म्हणजे विषाणूंचा आरएनए ओळखणारा पेशीतला पहारेकरी, असल्याचे कळले. इथे सीके सामान्य, ताकद ठीक, पण तळहातावर आणि बोटांच्या पेरांवर दुखरे फोड किंवा व्रण, तोंड येणे, केस गळणे, ताप आणि वेगाने वाढणारी धाप. 'सीके नॉर्मल आहे, मायोसायटिस नाही' असे म्हणून या रुग्णाला घरी पाठवणे ही माझ्या मते या विषयातली सर्वांत महागात पडणारी चूक.

त्वचेच्या बाजूच्या बाकी अँटिबॉडी: एमआय-२ मध्ये पुरळ ठसठशीत, सीके बरेच वाढलेले, उपचारांना प्रतिसाद सहसा चांगला, आयएलडी कमी. टिफ-१ गॅमा प्रौढांत आढळली तर कर्करोगाचा शोध घ्यावा लागतो, मुलांत मात्र तो संबंध नाही. एनएक्सपी-२ मध्ये त्वचेखाली कॅल्शियमच्या गाठी, आणि प्रौढांत कर्करोगाचा धोका. एसएईमध्ये पुरळ आधी येते, स्नायू आणि गिळण्याचा त्रास नंतर.

नेक्रोटायझिंग गटात एसआरपी आणि एचएमजीसीआर. दुसरीचे लक्ष्य म्हणजे स्टॅटिन ज्या एन्झाइमला अडवते तेच एन्झाइम, हे २०११ मध्ये स्पष्ट झाले. नेहमीचा स्टॅटिनचा स्नायुत्रास गोळी थांबवल्यावर काही आठवड्यांत ओसरतो. गोळी थांबवूनही दोन-तीन महिने सीके हजारांत राहिले, ताकद घटत गेली, तर एचएमजीसीआर तपासावी. स्टॅटिन कधीच न घेतलेल्यांतही ती सापडते.

पीएम-एससीएल, कू, यू-१ आरएनपी या अँटिबॉडी दुसऱ्या एखाद्या संधिवाताशी सरमिसळ सुचवतात. रो-५२ सर्वांत गोंधळाची. ती एकटी फारसे बोलत नाही, पण जो-१ किंवा एमडीए-५च्या जोडीला आली की फुप्फुसांचा आजार अधिक कडक असण्याची शक्यता वाढते. काही रिपोर्ट रो-५२ आणि रो-६० दोन्ही 'एसएसए' या एका नावाखाली ढकलतात. वेगळे करून मागा. सीएन-१ए इन्क्लुजन बॉडी मायोसायटिसला आधार देते, पण ल्युपस आणि शोग्रेन आजारातही दिसते.

पायरी ५: पॉझिटिव्हवर कितपत विसंबावे

बहुतेक लॅब लाइन ब्लॉट वापरतात. एका पट्टीवर वेगवेगळ्या प्रथिनांच्या रेघा असतात, रुग्णाचे सीरम घातले की अँटिबॉडी असलेली रेघ गडद होते. पद्धत सोयीची, पण रेघेचा गडदपणा म्हणजे मोजमाप नव्हे, आणि फिकट रेघा निरोगी माणसांतही उमटतात. विश्वास ठेवण्याआधी चार गोष्टी ताडून पाहाव्यात.

रेघ किती गडद आहे? 'वीक पॉझिटिव्ह' ही शंका समजावी, निदान नाही. मायोसायटिसशी खास जोडलेल्या दोन-तीन रेघा एकदम पॉझिटिव्ह आहेत का? खऱ्या आजारात असे विरळा, म्हणून चाचणीवरच संशय घ्यावा. एएनएची चमक जुळते का? एमआय-२ असेल तर केंद्रकात बारीक ठिपके दिसायला हवेत, जो-१ असेल तर पेशीद्रवात. आणि शेवटचे, सर्वांत वजनदार: शरीर काय सांगते? पुरळ नाही, अशक्तपणा नाही, छातीचा स्कॅन स्वच्छ आणि एसआरपीची फिकट रेघ, अशा माणसाला स्टेरॉइड देणे म्हणजे कागदाचा इलाज करणे.

निगेटिव्हचीही तपासणी करावी. पट्टीवर कोणती प्रथिने होती ती यादी रिपोर्टवर असते, ती वाचा. एचएमजीसीआर अनेक पट्ट्यांवर नसते, ती बहुधा वेगळ्या एलायझा चाचणीने करावी लागते. ओजे पेशीत अनेक एन्झाइमांच्या जुडग्यात असते आणि पट्टीवर सुटी लावलेली तिची रेघ पुष्कळदा खरी अँटिबॉडी पकडत नाही. केएस, झो, हा यांसारख्या दुर्मिळ सिंथेटेजही बऱ्याच पॅनेलमध्ये नसतात. संशय ठाम असेल तर इम्युनोप्रेसिपिटेशन करणाऱ्या संशोधन प्रयोगशाळेची वाट असते. आणि मायोसायटिसच्या रुग्णांचा एक मोठा गट असा आहे ज्यांत ओळखीची कोणतीच अँटिबॉडी सापडत नाही. त्यांना आजार नाही असा याचा अर्थ नव्हे.

पायरी ६: फुप्फुसांची प्रथिने

केएल-६ हे एमयूसी-१ या मोठ्या प्रथिनाचे रूप. वायुकोशांच्या अस्तरातल्या दुरुस्ती करणाऱ्या पेशी ते बनवतात आणि अस्तर फाटले की ते रक्तात झिरपते. जपानमधल्या संशोधकांनी १९८०च्या दशकात ते पुढे आणले आणि तिथे ते आता नित्याच्या तपासणीत आहे. मिलिलिटरला ५०० युनिट ही रूढ मर्यादा. मात्र एमयूसी-१च्या जनुकातल्या भेदांमुळे प्रत्येकाची मूळ पातळी वेगळी असते. म्हणून शेजारच्या रुग्णाशी तुलना निरर्थक, स्वतःच्या मागच्या आकड्याशी करावी, तीही त्याच लॅबमध्ये. एसपी-डी हे फुप्फुसांचे दुसरे प्रथिन. यांपैकी कोणतेही आजाराचे कारण सांगत नाही. पक्ष्यांच्या विष्ठेच्या अॅलर्जीने झालेला फुप्फुसदाह, न्यूमोसिस्टिस या बुरशीचा संसर्ग, काही कर्करोग यांतही केएल-६ वाढते.

याच प्रथिनामुळे एक नाहक धास्ती उभी राहते. स्तनाच्या कर्करोगात बघितले जाणारे सीए १५-३ हेही एमयूसी-१चेच मोजमाप आहे. आयएलडी असलेल्या स्त्रीने 'सगळ्या कॅन्सर मार्करचे' पॅकेज केले की सीए १५-३ वाढलेले निघते आणि घर हादरते. कारण फुप्फुस असू शकते. स्तनांची रीतसर तपासणी करावी, पण त्या एका आकड्यावरून निष्कर्ष काढू नये.

फेरिटिन हे लोह साठवणारे प्रथिन, पण इथे ते मॅक्रोफेज या संरक्षक पेशी किती खवळल्या आहेत याची खूण म्हणून बघायचे. एमडीए-५च्या रुग्णात मिलिलिटरला ५०० नॅनोग्रॅमच्या वर गेलेले आणि दर काही दिवसांनी चढत जाणारे फेरिटिन वाईट लक्षण मानतात, हजाराच्या पुढे तर धोक्याची घंटाच. अशा वेळी केएल-६ अजून फारसे हललेलेही नसू शकते. सोबत रक्तातल्या लिम्फोसाइट पेशी कमी झालेल्या दिसतात. संसर्ग आणि यकृताचे आजार यांतही फेरिटिन वाढते, तेव्हा ते तपासून बाजूला करावे लागतात.

पायरी ७: आता श्वास मोजा

छातीचा साधा एक्स-रे सुरुवातीची आयएलडी सहज चुकवतो. लागतो तो एचआरसीटी, म्हणजे फुप्फुसांचा बारीक कापांचा सीटी स्कॅन, आणि श्वसनक्षमतेची चाचणी. त्या चाचणीत दोन आकडे बघा: एफव्हीसी, म्हणजे पूर्ण श्वास भरून जोराने सोडलेली हवा, आणि डीएलसीओ, म्हणजे वायू फुप्फुसातून रक्तात किती सहज जातो.

मायोसायटिसमध्ये एफव्हीसी दोन कारणांनी घटते. फुप्फुस कडक झाले म्हणून, किंवा श्वासाचे स्नायू दमले म्हणून. फुप्फुस कडक असेल तर डीएलसीओही बरोबर घसरते आणि स्कॅनमध्ये पांढरट धूसरपणा दिसतो. स्नायू दमले असतील तर स्कॅन बराच स्वच्छ, आत भरलेल्या हवेच्या मानाने वायूचे वहन ठीक, आणि आडवे झाल्यावर एफव्हीसी लक्षणीय घटते. रुग्ण सांगतोच, 'झोपलो की कोंडल्यासारखे होते.' श्वास आत ओढण्याचा जोर मोजणारी एमआयपी चाचणी हे पक्के करते. दोन्ही कारणे एकत्रही असतात.

घरी ऑक्सिमीटर ठेवणाऱ्यांनी एक लक्षात घ्यावे. ज्यांची बोटे थंडीत पांढरी पडतात त्यांच्या बोटावर तो चुकीचा, बहुधा कमी आकडा दाखवू शकतो. हात गरम करून किंवा कानाच्या पाळीच्या क्लिपने मोजावे. आणि बसल्या जागी ९७ आले म्हणून निर्धास्त होऊ नये. काही मिनिटे चालून मोजा, खरी घसरण चालतानाच दिसते.

पायरी ८: कधी एक दिवसही थांबायचे नाही

दिवसागणिक वाढणारी धाप, चालताना ऑक्सिजन घसरणे, तळहातांवर व्रण, चढते फेरिटिन. यातले एकाहून जास्त असेल तर एमडीए-५चा रिपोर्ट यायची वाट न पाहता रुग्णालयात दाखल व्हावे. अशा वेगवान आजारात डॉक्टर सुरुवातीलाच दोन-तीन औषधे एकत्र देतात: शिरेतून मोठ्या मात्रेत स्टेरॉइड, सोबत टॅक्रोलिमस आणि सायक्लोफॉस्फामाइड यांसारखी. एक-एक औषध देऊन पाहण्याइतका वेळ हातात नसतो. जपानच्या २०२०च्या एका अभ्यासात हा तिहेरी उपचार सुरुवातीपासून मिळालेल्यांत सहा महिन्यांचे जगणे ८९ टक्के होते, पूर्वीच्या टप्प्याटप्प्याच्या पद्धतीत ३३ टक्के.

गिळताना ठसका लागणे, पाणी नाकातून परत येणे, आवाज बदलणे हेही तातडीचे. अन्न श्वासनलिकेत गेले तर त्यातून होणारा न्यूमोनिया आयएलडीवर आणखी भर घालतो. लघवी गडद तपकिरी झाली आणि सीके हजारोंत असेल तर मूत्रपिंडे त्याच दिवशी तपासावीत.

पायरी ९: कर्करोगाचा शोध किती खोल घ्यायचा

सगळ्यांना सगळ्या तपासण्या लावू नयेत. २०२३ साली आंतरराष्ट्रीय तज्ज्ञगटाने दिलेली पद्धत अँटिबॉडी आणि लक्षणे यांच्यावरून धोका ठरवते. डर्मॅटोमायोसायटिस, टिफ-१ गॅमा, एनएक्सपी-२, चाळिशीनंतरची सुरुवात, उपचारांना न जुमानणारा आजार, गिळण्याचा बऱ्यापैकी त्रास आणि त्वचा मरणे या गोष्टी धोका वाढवणाऱ्या. जो-१ व इतर सिंथेटेज, आयएलडी, सांधेदाह, बोटे पांढरी पडणे या कमी धोक्याच्या बाजूच्या. पहिल्या बाजूला दोन किंवा अधिक गोष्टी असतील तर शोध खोल, म्हणजे छाती-पोटाचा सीटी वगैरे, आणि त्यानंतर साध्या तपासण्या तीन वर्षे दरवर्षी करायच्या. आजार सुरू होण्याच्या आगेमागे तीन वर्षे हाच धोक्याचा मुख्य काळ.

पायरी १०: पुढची देखरेख

पॅनेल पुन्हा पुन्हा लावू नये. लाइन ब्लॉटवरची रेघ फिकी झाली म्हणजे आजार शमला असे नाही. अपवाद मोजून आकडा देणाऱ्या चाचणीचा. एमडीए-५ची पातळी आजार आटोक्यात आल्यावर उतरते, आणि पुन्हा चढू लागली तर लक्ष ठेवावे.

सीके, स्नायूंची ताकद आणि श्वसनचाचणी हे तीन आकडे एका कागदावर तारखेसह लिहावेत. ताकद आठ स्नायूंची ८० पैकी गुण देऊन मोजतात. पहिल्या वर्षी श्वसनचाचणी दर ३ ते ६ महिन्यांनी, मग स्थिरतेप्रमाणे. २०२२ च्या निकषांत वर्षभरात एफव्हीसी अपेक्षित मूल्याच्या ५ टक्क्यांनी किंवा डीएलसीओ १० टक्क्यांनी घटणे, हे फायब्रोसिस (फुप्फुसांत वण धरणे) पुढे सरकत असल्याच्या खुणांपैकी एक मानले आहे.

या कागदाचा खरा उपयोग आकडे एकमेकांशी भांडतात तेव्हा होतो. सीके उतरून सामान्य झाले, तरी मांड्या आणखी ढिल्या पडत आहेत? आजार उलटला असे धरून स्टेरॉइड वाढवण्याआधी स्टेरॉइडमुळेच स्नायू झिजत नाहीत ना, हे विचारा. त्या झिजेत सीके वाढत नाही. सीके किंचित जास्त पण ताकद पूर्ण? मग आकड्यामागे धावत औषध वाढवायचे कारण बहुधा नाही. धाप वाढली, सीके शांत? स्कॅन करा, आणि संसर्गही शोधा. दीर्घ काळ मोठ्या मात्रेत स्टेरॉइड आणि दुसरे औषध चालू असेल तर न्यूमोसिस्टिसपासून बचावासाठी को-ट्रायमॉक्साझोल द्यायचे का, हा प्रश्न पहिल्याच भेटीत विचारावा.

संशोधनात याहून नेमकी प्रथिने पुढे येत आहेत. डर्मॅटोमायोसायटिसमध्ये इंटरफेरॉन या संरक्षण यंत्रणेच्या संदेश-प्रथिनाच्या प्रभावाखाली वाढणारी सीएक्ससीएल-१० आणि गॅलेक्टिन-९ ही दोन, विशेषतः मुलांत, आजार पेटला की चढतात आणि शमला की उतरतात. मुलांत स्नायूंची एन्झाइम्स सामान्य असतानाही ती आजार दाखवू शकतात, म्हणून त्यांच्याकडे लक्ष आहे. आणखी एक धागा अँटिबॉडींबद्दलचाच. त्या केवळ खूण म्हणून रक्तात फिरतात की इजाही करतात, हा जुना वाद. २०२४ साली प्रसिद्ध झालेल्या संशोधनात रुग्णांच्या अँटिबॉडी स्नायूतंतूंच्या आत शिरून आपल्या लक्ष्य-प्रथिनाचे काम अडवताना दिसल्या. एमआय-२च्या रुग्णांत तर ते प्रथिन एरवी ज्या जनुकांना गप्प ठेवते, नेमकी तीच जागी झालेली सापडली.